जंगलातला कार्बन उपग्रहावरून काढायचाय? आधी टेप घ्या

परवा एका एमएस्सीच्या मुलाचा मेसेज आला, "ताई, सेंटिनेलची इमेज डाउनलोड केली, क्यूजीआयएसमध्ये उघडली पण, आता कार्बन कुठल्या बटणाने निघतो?" (सेंटिनेल म्हणजे युरोपचे उपग्रह, क्यूजीआयएस म्हणजे नकाशांचं सॉफ्टवेअर.) हसू आलं, पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मी पण असंच काहीतरी समजून बसले होते, की वरून फोटो घेतला की त्यात कुठेतरी टनांचा आकडा लपलेला असणार आणि आपण तो फक्त बाहेर काढायचाय. तसं बटण नाही. उपग्रहाला झाडाचं वजन दिसत नाही. त्याला दिसतो पानांवरून परत आलेला उजेड, नाहीतर रडारचा प्रतिध्वनी, नाहीतर लेझर जमिनीला लागून परत यायला किती वेळ लागला तो वेळ. वजन तुम्ही काढायचं, जमिनीवर, टेप घेऊन, थोड्याशा जागेत, आणि मग त्या थोड्या जागेतला आकडा अख्ख्या जंगलावर पसरवायला उपग्रह मदत करतो. त्यामुळे खाली अर्धा वेळ मी टेपबद्दलच बोलणार आहे, कंटाळा करू नका, नकाशा बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

उदाहरणाला मी ताम्हिणी-मुळशीकडचं सह्याद्रीतलं मिश्र जंगल डोळ्यासमोर ठेवलंय, कारण तिथे पायाला जळवा लावून घेतल्यात, आणि जिथे फरक पडतो तिथे मेळघाटच्या सागवानी जंगलाचं सांगेन.

पायरी १: आकडा नक्की कशाचा हवाय ते ठरवा

जंगलातला कार्बन पाच ठिकाणी असतो: झाडाचा जमिनीवरचा भाग, मुळं, मेलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती. उपग्रहाचा संबंध येतो तो मुख्यतः पहिल्याशी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या जंगलांचा एकूण कार्बन साठा ७२८.५५ कोटी टन दिलाय, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे, म्हणजे वरून कितीही भारी सेन्सर लावला तरी निम्मा माल आपल्याला दिसतच नाही. म्हणून रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत लिहा, "फक्त जमिनीवरचा बायोमास". मुळांचा हवा असेल तर गुणक लावून काढतात, मातीसाठी मात्र माती खणून लॅबला पाठवण्याशिवाय इलाज नाही.

दुसरी गडबड होते शब्दांची. बायोमास म्हणजे झाडाचं सुकं वजन. त्याला ०.४७ ने गुणलं की कार्बन, हा आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, डीफॉल्ट आकडा. कार्बनला परत ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १०० टन बायोमास, ४७ टन कार्बन, आणि साधारण १७२ टन कार्बन डायऑक्साइड, तिन्ही एकाच जंगलाचे आकडे. ज्याला मोठा आकडा दाखवायचाय तो तिसरा दाखवतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पेपरातल्या निम्म्या बातम्या कळायला लागतील.

पायरी २: परवानगी, आणि प्लॉट कुठे टाकायचे

वनखात्याच्या जमिनीवर शिरायचं तर डीएफओ (विभागीय वन अधिकारी) ऑफिसला अर्ज द्यावा लागतो, अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाची वेगळी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, इतका की दिवाळीनंतर मोजायचं असेल तर पावसाळ्याच्या आधीच कागद टाका. देवराई असेल तर कागदाच्या आधी गावात जाऊन बसा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय आत टेप घेऊन शिरलात तर पुढचे प्लॉट विसरा, आणि त्यांचं बरोबरच आहे. काही ठिकाणी चप्पल बाहेर काढायला सांगतात, काढायची.

प्लॉट म्हणजे मोजणीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, त्याचं माप आपल्याकडे ०.१ हेक्टरचं चालत आलंय, म्हणजे ३१.६२ मीटर बाय ३१.६२ मीटरचा चौकोन. हे ३१.६२ कुठून आलं म्हणून गोंधळू नका, १००० चौरस मीटरचं वर्गमूळ आहे ते. पण उतारावर हीच ३१.६२ मीटर दोरी जमिनीला चिकटवून टाकली तर प्लॉट छोटा होतो, कारण नकाशा वरून बघतो, आडवं अंतर मोजतो. ३० अंशाच्या उतारावर उताराच्या दिशेने ३१.६२ ऐवजी साडेछत्तीस मीटर दोरी सोडावी लागते. ताम्हिणीसारख्या ठिकाणी सपाट प्लॉट मिळणं म्हणजे लॉटरी, तेव्हा कोसाइनचा छोटा तक्ता कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाईलची बॅटरी दुपारपर्यंतच टिकते.

प्लॉट कुठे टाकायचे हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि सगळे ह्यातच शेण खातात. रस्त्याच्या कडेला टाकतात. रस्त्याच्या कडेचं जंगल तोडलेलं, चरलेलं, विरळ असतं, मग नकाशा पण विरळच येणार ना. आधी जंगलाचे घनतेनुसार भाग पाडा, वन सर्वेक्षणाचे वर्ग तयारच आहेत: ७० टक्के आणि वर छत्र (वरून दिसणारं फांद्या-पानांचं आच्छादन) असलेलं अतिदाट, ४० ते ७० मध्यम दाट, १० ते ४० खुलं. प्रत्येक भागात संगणकाकडून यादृच्छिक (रँडम) बिंदू काढून घ्या आणि तिथे जा, कितीही काटे असले तरी. एखादा बिंदू सरळ कड्यावर पडला तर बदला, पण बदलायचा नियम आधी लिहून ठेवा, नाहीतर "इथे चढ आहे, तिकडे जाऊ" करत करत परत रस्त्यावर येता.

किती प्लॉट? कॉलेजच्या प्रोजेक्टला तीस-चाळीस तरी हवेत असं माझं मत. दहा प्लॉटवर मशिन लर्निंग चालवलेलं मी बघितलंय, त्यापेक्षा सरळ सरासरी काढलेली बरी.

आणि जीपीएस. छत्राखाली मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज भरकटतं, म्हणजे तुमचा प्लॉट आणि तुमचा पिक्सेल (इमेजमधला एक चौकोन) एकमेकांशेजारी राहणारे शेजारी होऊन बसतात, एकाच घरातले नाही. प्लॉटच्या मध्यावर दहा मिनिटं थांबून सरासरी घ्या, चारही कोपरे घ्या, आणि शक्यतो प्लॉटच्या आजूबाजूला पन्नासेक मीटर तसंच जंगल असेल अशी जागा बघा, म्हणजे थोडं सरकलं तरी फार बिघडत नाही.

पायरी ३: झाडं मोजणं

आपल्याकडे घेर १.३७ मीटर उंचीवर मोजतात, बाहेरच्या पेपरांत १.३० दिसेल, एकच काहीतरी धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. १.३७ मीटरची काठी कापून घ्या आणि ती झाडाला टेकवा, "छातीइतकं" म्हणून अंदाजाने नको, कारण प्रत्येकाची छाती वेगळ्या उंचीवर असते आणि चार वाजता सगळे वाकून मोजायला लागतात. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूने काठी लावायची. १.३७ च्या खाली फाटा फुटला असेल तर दोन झाडं धरायची, वर फुटला तर एक. खोडाला फळीसारखे आधार असतील तर ते संपतात तिथून वर मोजायचं आणि किती उंचीवर मोजलं ते लिहायचं. वेल खोडावर चढलेला असेल तर टेप वेलाच्या आतून घाला. घेर ३० सेंटिमीटरच्या वर असलेली सगळी झाडं घ्या, मोजलेल्या प्रत्येकावर खडूने खूण, खूण नेहमी एकाच बाजूला, म्हणजे मागे वळून बघितलं की राहिलेलं झाड लगेच दिसतं.

झाडाचं नाव चुकलं तर लाकडाची घनता चुकते, आणि घनता चुकली तर वजन. सावर हलकं, ०.३५ च्या आसपास, सागवान ०.५५ च्या आसपास, ऐन त्याहून बराच जड, अंजनी तर कुऱ्हाडीला दाद देत नाही. सावरीला ऐन समजलात तर त्या झाडाचं वजन दुप्पट होऊन बसेल. माझ्या पहिल्या वर्षी आमच्याबरोबर गावातले एक मामा होते, मी वहीत ऐन लिहिलं आणि ते शांतपणे म्हणाले, "ताई, साल बघा की, ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी असती, ह्यो किंजळ हाय." त्या दिवसापासून नाव आधी मामांनी सांगायचं, मग मी वनस्पतीशास्त्राचं लिहायचं, असा करार झाला. स्थानिक माणसाला पूर्ण दिवसाची मजुरी द्या आणि आभाराच्या यादीत पहिलं नाव त्याचं टाका, त्याला चालणार असेल तर.

उंची मोजायला क्लायनोमीटर (कोन मोजायचं साधन) किंवा लेझर. वीस मीटरवरून शेंडा ३५ अंशांवर दिसला तर २० गुणिले ०.७० म्हणजे १४, त्यात डोळ्याची उंची दीड मीटर, झाली साडेपंधरा. सांगायला सोपं, पण दाट जंगलात शेंडा दिसतच नाही, समोरच्याच कुठल्यातरी झाडाची फांदी आपण शेंडा म्हणून धरतो. सगळ्या झाडांची उंची घेण्याच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक प्लॉटमधली दहा-बारा वेगवेगळ्या जाडीची झाडं नीट मोजा आणि बाकीच्यांची उंची त्यावरून बसवलेल्या वक्रातून काढा.

आता माझी स्वतःची फजिती. आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, त्यावर नुसतं "जाडी" लिहिलेलं. जंगलात आम्ही घेर लिहिला, एक्सेल भरताना मीच तो व्यास म्हणून भरला. आकडे आले आणि आम्ही खूश, कारण आमचं जंगल ॲमेझॉनच्या वर गेलं होतं! दोन दिवस मी त्याचं स्पष्टीकरण पण लिहीत बसले, माती किती सुपीक आहे वगैरे. मग कोणीतरी विचारलं की ११० सेंटिमीटर व्यासाचं झाड म्हणजे दोघांनी कवेत घ्यावं लागेल, अशी किती बघितलीस? एकही नाही. तेव्हापासून रकान्यावर मी ठळक लिहिते, "घेर, सेंमी".

पायरी ४: झाडापासून प्लॉटपर्यंत

घेराला ३.१४१६ ने भागलं की व्यास. त्यापुढे सूत्र लागतं. वन सर्वेक्षणाची प्रजातीनुसार आकारमानाची समीकरणं आहेत, ती तुमच्या भागातली मिळत असतील तर तीच वापरा. नाहीतर २०१४ मध्ये शाव्ह आणि मंडळींनी उष्ण कटिबंधातली ४००४ झाडं तोडून-तोलून बसवलेलं सूत्र जगभर चालतं: किलोमधला बायोमास = ०.०६७३ गुणिले, घनता × व्यासाचा वर्ग × उंची ह्या गुणाकाराचा ०.९७६ वा घात. व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये.

एक झाड करून बघू. घेर ११० सेंमी, व्यास ३५. उंची १६ मीटर, घनता ०.५५. ०.५५ × १२२५ × १६ म्हणजे १०,७८०. त्याचा ०.९७६ वा घात साधारण ८६२७, गुणिले ०.०६७३, म्हणजे ५८० किलो. कार्बन २७३ किलो, आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास बरोबर एक टन. आता हाच घेर चुकून व्यास म्हणून टाका, उत्तर नऊ पटीच्या वर जातं, पाच टनांच्या पुढे. ॲमेझॉन कुठून आलं होतं ते कळलं ना.

प्लॉटमधल्या सगळ्या झाडांची बेरीज करा, प्लॉट ०.१ हेक्टरचा म्हणून दहाने गुणा, हजाराने भागा, टन प्रति हेक्टर मिळाले. बेरीज ११,४०० किलो असेल तर ११४ टन प्रति हेक्टर. आणि हे पण मनात ठेवा की एका झाडाचा अंदाज तिसऱ्या हिश्श्याने सहज चुकू शकतो, पन्नास झाडांची बेरीज केल्यावर वर-खाली चुका बऱ्याच कटतात, म्हणून एकट्या झाडावर "ह्यात इतका कार्बन आहे" अशी पाटी ठोकणं मला तरी पटत नाही. आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात 'बायोमास' नावाचंच पॅकेज आहे, घनता शोधण्यापासून अंदाज किती चुकू शकतो त्याचा हिशोब करण्यापर्यंत सगळं त्यात होतं.

पायरी ५: कुठला उपग्रह

आता तुमचा आवडता भाग. तीन प्रकार आहेत आणि तिघांना तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

ऑप्टिकल, म्हणजे परतलेला उजेड टिपणारे, लँडसॅट, सेंटिनेल-२ आणि आपला रिसोर्ससॅट. सेंटिनेल-२ फुकट, १० मीटरचा पिक्सेल, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी. अडचण एकच, त्याला हिरवं दिसतं, जाड दिसत नाही. भर हंगामातलं उसाचं शेत आणि शंभर वर्षांची देवराई, दोन्हीचा एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) ०.८ च्या आसपास येऊ शकतो. सह्याद्रीत आणखी एक फसवाफसवी म्हणजे कारवी. पावसाळ्यानंतर कारवीचा उतार वरून असा काही हिरवागार दिसतो की मॉडेल त्याला घनदाट जंगल समजतं, आणि प्रत्यक्षात तिथे बोटाएवढ्या काठ्या असतात. कोकणात उतरलात तर काजू-आंब्याच्या बागा आणि रबर, ते पण आधी वेगळं काढा.

रडार ढगातून बघतं आणि रात्री पण बघतं, पण सगळी रडारं सारखी नाहीत, तरंगलांबी महत्त्वाची. सेंटिनेल-१ चा सी-बँड साडेपाच सेंटिमीटरचा, तो पानं आणि बारीक डहाळ्यांवरूनच परततो. जपानच्या एलॉस-२ च्या पालसारचा एल-बँड साधारण २४ सेंटिमीटरचा, तो आत शिरून फांद्या आणि खोडापर्यंत पोचतो. त्यातला एचव्ही चॅनल (आडवी लहर सोडून उभी होऊन परत आलेली मोजणारा) बायोमासशी सगळ्यात चांगला जुळतो आणि कारवीला फसत नाही. पण त्याचीही हद्द आहे, १०० ते १५० टन प्रति हेक्टरच्या पुढे जंगल कितीही वाढलं तरी सिग्नल वाढत नाही, ह्याला सॅच्युरेशन म्हणतात. मेळघाटच्या कोरड्या सागवानी जंगलात एल-बँडवर बरंचसं काम भागतं, सदाहरित देवराईत नाही भागत.

तिसरा लायडार, म्हणजे लेझर. नासाचं जेडाय हे लेझरयंत्र २०१८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलं. मध्ये २०२३ च्या मार्चपासून वर्षभर ते बाजूला काढून ठेवलं होतं, २०२४ मध्ये परत सुरू झालं, त्यामुळे त्या काळातला डेटा शोधत बसू नका. ते अख्खा नकाशा देत नाही, २५ मीटर व्यासाचे ठिपके देतं, एका रेषेत ६० मीटरवर एक, दोन रेषांत ६०० मीटरचं अंतर. प्रत्येक ठिपक्याला झाडांची उंची आणि एल-फोर-ए नावाच्या डेटामध्ये थेट टन प्रति हेक्टर पण मिळतात. मात्र ते टन आंधळेपणाने घेऊ नका, त्या मॉडेलमध्ये आपल्याकडच्या जंगलांचे प्लॉट फार थोडे आहेत. मी उंची घेते आणि टन माझ्या प्लॉटवरून काढते.

आणि उतार. ३० अंशाच्या उतारावर २५ मीटरच्या ठिपक्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीनच १४ मीटर चढते. लेझरला ते सगळं एकत्र येऊन मिळतं, म्हणजे नुसत्या गवताचा कडा पण १४ मीटर उंच जंगलासारखा दिसू शकतो. घाटात काम करत असाल तर २० अंशांच्या वरचे ठिपके सरळ टाकून द्या, डेटा कमी होतो, होऊ दे. क्वालिटी फ्लॅग १ (म्हणजे ठिपका वापरण्याजोगा) असलेले आणि सेन्सिटिव्हिटी (दाट छत्रातूनही जमीन ओळखायची क्षमता) ०.९५ च्या वरचेच ठेवा, ठिपक्याची जागा पण साधारण दहा मीटर इकडे तिकडे असते.

२०२५ मध्ये दोन नवीन आलेत. २९ एप्रिलला युरोपचा 'बायोमास' उपग्रह गेला, पी-बँडचा, तरंगलांबी ७० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे थेट खोडंच बघणारा, घनदाट जंगलासाठी ह्याचीच वाट बघत होतो. पण त्याच्या बायोमासच्या नकाशाचा पिक्सेल २०० मीटरचा, म्हणजे चार हेक्टर, आणि आपल्या कित्येक देवराया एवढ्या मोठ्या नसतातच. दुसरा निसार, ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीने गेला, नासाचा एल-बँड आणि इस्रोचा एस-बँड एकाच उपग्रहावर, दर १२ दिवसांनी तीच जागा. आत्ता नवीन शिकत असाल तर पालसारवर हात बसवा आणि निसारचा डेटा मिळेल तसा जोडत जा, एल-बँडचं जे शिकाल ते तिथे तसंच्या तसं कामाला येतं.

पायरी ६: इमेज तयार करणं

हे सगळं गूगल अर्थ इंजिनमध्ये, म्हणजे उपग्रहांच्या इमेज ऑनलाइन हाताळायच्या गूगलच्या सेवेत, होतं, शिक्षण-संशोधनाला फुकट आहे, लॅपटॉप साधा चालतो, नेट मात्र हवं. सेंटिनेल-२ ची एकच इमेज घेऊ नका, ढग मास्क करून (झाकून वगळून) दोन-तीन महिन्यांची मध्यक इमेज बनवा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला त्या काळातली मधली किंमत. महिने कुठले? जून ते सप्टेंबर ढग, विषय संपला. मेळघाटात ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर घ्या, कारण त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत साग पानं टाकतो, वणवे पण तेव्हाच, आणि एप्रिलच्या इमेजमध्ये उभं जंगल माळरानासारखं दिसतं. उलट सदाहरित पट्टे वेगळे काढायचे असतील तर हीच एप्रिलची इमेज सोन्यासारखी, तेव्हा जे हिरवं ते सदाहरित, नाहीतर पाणी दिलेलं शेत. मी दोन्ही ऋतू घेते आणि त्यांचा फरक वेगळा बँड (इमेजमधला थर) म्हणून टाकते.

पालसारची वर्षाची मोझेक (तुकडे जोडून केलेली एक इमेज) २५ मीटरची तयार मिळते, उताराची दुरुस्ती केलेली. आत पूर्णांक असतात, त्यांचं डेसिबल (रडारच्या सिग्नलचं माप) करायला पिक्सेलच्या आकड्याच्या वर्गाचा दहाच्या पायाचा लॉग घेऊन दहाने गुणा आणि ८३ वजा करा. हे विसरून सरळ पूर्णांकच मॉडेलमध्ये टाकणारे बरेच भेटतात. सेंटिनेल-१ वापरणार असाल तर अर्थ इंजिनमधल्या इमेजवर उताराची दुरुस्ती तुम्हालाच करावी लागते, नाहीतर डोंगराची एक बाजू जंगल आणि दुसरी बाजू उजाड असा मजेशीर नकाशा येतो. रडारचं मीठ-मिरी टाकल्यासारखं दिसतं ते स्पेकल, त्यावर फिल्टर मारा. आणि पाऊस पडून गेल्याच्या दिवसातली रडार इमेज नको, ओली झाडं जास्त उजळ दिसतात.

सगळे थर एकाच प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) आणा. यूटीएम ही मीटरमध्ये मोजणारी पद्धत घ्या: पुणे, कोकण, मेळघाट पट्टा ४३ उत्तर, नागपूर-चंद्रपूरकडे गेलात की ४४. अंशांमध्ये ठेवून क्षेत्रफळ काढू नका, प्लीज.

पायरी ७: मॉडेल

रँडम फॉरेस्टवर (मशिन लर्निंगची एक पद्धत) उडी मारायच्या आधी साधा आलेख काढा, आडव्या अक्षावर एचव्ही, उभ्यावर तुमच्या प्लॉटचे टन. डोळ्याला काहीतरी चढ दिसला पाहिजे. मग बायोमासचा लॉग घेऊन सरळ रेषा बसवा, एचव्ही आणि छत्राची उंची एवढे दोनच घटक घेऊन. छत्राच्या उंचीचे जेडाय आणि लँडसॅट किंवा सेंटिनेल मिळून केलेले ३० आणि १० मीटरचे जागतिक नकाशे फुकट आहेत. फक्त लॉगमधून परत टनात येताना दुरुस्तीचा गुणक लावायचा असतो, नाहीतर सगळे आकडे थोडे कमी येतात. ही साधी रेषा जेवढं देते त्यापेक्षा रँडम फॉरेस्ट खूप जास्त देत नसेल तर रेषाच ठेवा, निदान ती समजावून तरी सांगता येते.

रँडम फॉरेस्ट वापरलंत तर चाळीस प्लॉटला चाळीस बँड लावू नका, सात-आठ पुरेत. आणि त्याची एक खोड माहीत असू द्या, ते सगळ्यांना मध्याकडे ओढतं, विरळ जंगल फुगवतं आणि घनदाट जंगल दाबतं. देवराईत तुम्ही ३०० टन मोजले आणि नकाशात १८० दिसले तर टेपला दोष देऊ नका.

पायरी ८: तपासणी

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि ती माणूस स्वतःचीच करतो. चाळीसपैकी दहा प्लॉट यादृच्छिक बाजूला काढले, त्यावर तपासलं, आर-वर्ग (अंदाज किती जुळला त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण) ०.८५ आला, पेढे वाटले. पण बाजूला काढलेला प्लॉट आणि शिकवायला वापरलेला प्लॉट दोनशे मीटरवर असतील तर ती परीक्षा कसली, ते तर शेजारच्याच्या वहीत बघून लिहिणं झालं. मध्य आफ्रिकेतल्या जंगलांवर २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात हेच उघडं पडलं, नेहमीच्या पद्धतीने छान दिसणारं मॉडेल जागेनुसार वेगळं काढून तपासल्यावर जवळपास निरुपयोगी निघालं. त्यामुळे एक अख्खं खोरं बाजूला काढा, बाकीच्यांवर शिकवा, त्या खोऱ्यावर तपासा, मग दुसरं खोरं. आर-वर्ग ०.५-०.६ वर येईल, वाईट वाटेल, पण तो खरा आहे. ०.९५ आला तर मात्र कोड परत वाचा, कुठेतरी उत्तर प्रश्नपत्रिकेत सांडलंय.

युरोपियन स्पेस एजन्सीचा सीसीआय बायोमासचा १०० मीटरचा जागतिक नकाशा पण बाजूला ठेवून बघा, त्यात प्रत्येक पिक्सेलची अनिश्चितता वेगळ्या थरात दिलीय. तो बरोबर आणि तुम्ही चूक असं नाही, पण दोघांत दुपटीचा फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि एकूण आकडा देताना पट्टा द्या. समजा चाळीस प्लॉटची सरासरी ११४ टन, प्रमाण विचलन (प्लॉटचे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) ६०. साठला चाळीसच्या वर्गमुळाने भागलं की साडेनऊ, त्याची दुप्पट १९, म्हणजे ९५ ते १३३ टन प्रति हेक्टर. हे नुसत्या टेपचं उत्तर, उपग्रह न वापरता, आणि ते पण भागांच्या क्षेत्रफळानुसार वजन न देता काढलेलं ढोबळ. उपग्रहाने हा पट्टा आणखी अरुंद केला तरच त्याचा उपयोग झाला, नाहीतर तुम्ही फक्त रंगीत चित्र काढलंय. हा हिशोब मॉडेलच्या आधीच करून कागदावर लिहून ठेवा, नंतर केला की मन आपोआप सोयीचं बघतं.

दोन वर्षांची तुलना करायची असेल, म्हणजे कार्बन वाढला की घटला, तर दोन वेगवेगळे नकाशे वजा करू नका, दोघांच्या चुका मिळून बदलापेक्षा मोठ्या होतात. तेच प्लॉट परत मोजा. त्यासाठी कोपऱ्यातल्या झाडांवर पिवळ्या ऑइल पेंटचा पट्टा मारून ठेवायचा, वनरक्षकाला विचारून, आणि तो दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, परत मारून यायचा. आमचे सहा प्लॉट पहिल्याच पावसाळ्यात हरवले, खुणा शेवाळाखाली गेल्या, जीपीएस दहा मीटर सरकलेलं, आणि नंतर मामांनी त्यातले चार नुसते झाडं आठवून शोधून दिले.